करवतीची टोपी

दिवाळी सरली की पालघरात अजूनही एखाद्या सकाळी कोरड्या गवताचा वास येतो. कुठून येतो ते आता शोधावं लागतं. कोळगावच्या बाजूला जिथं कमरेइतकं गवत उभं असायचं, तिथं जिल्ह्याच्या कचेऱ्या आल्या, रुंद रस्ते आले. तरी कुठल्या तरी उरलेल्या माळावर कुणीतरी विळा चालवतं आणि वारा तो वास माझ्या गॅलरीपर्यंत आणून टाकतो. मी कप हातात धरून उभा राहतो. आतून सुमन विचारते, "चहा निवला ना?" निवलेला असतो.

त्या काळी हा वास दाराशी यायचा नाही, गावच त्यात बुडालेलं असायचं. बैलगाड्या गवतानं अशा भरलेल्या असत की समोरून बघताना बैलांची तेवढी शिंगं दिसत. स्टेशनाजवळच्या मोकळ्या जागेत गवत दाबून गाठी बांधत आणि त्या मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना होत. कपड्यांत गवत, केसांत गवत, पाण्याच्या हंड्यावर तरंगणारी एखादी काडी. वर्गात चौथ्या बाकावरचा मुलगा शिंकला की सगळा वर्ग शिंकायला लागे. मी घाटावरून आलेला माणूस. आमच्याकडे गवत म्हणजे बांधावर जे काय उगवेल ते. इथं गवताचं पीक निघतं, त्याचा हंगाम असतो, त्याच्या जिवावर घरं चालतात, हे कळायलाच मला एक वर्ष लागलं.

पण तो वास आला की मला गवत आठवत नाही, लाकूड आठवतं. तारापूरला अणुविजेचं केंद्र उभं राहत होतं, त्या वर्षांतला एक अख्खा हिवाळा मी करवत शोधण्यात घालवला. हातातली करवत नव्हे. लोखंडी टेबलाच्या पोटातून वर आलेलं गोल दातेरी पातं आणि खाली मोटार, असं यंत्र.

मी शाळेत हस्तव्यवसाय शिकवायचो. म्हणजे अर्धं सूतकताई आणि अर्धं सुतारकाम. पगारी सुतारकामात मुलांच्या बोटांना पट्ट्या बांधणं जास्त आणि लाकूड कमी. खरं सुतारकाम मी घरी करायचो. भाड्याच्या घराला मागं पडवी होती, तिथं मी एक जाड फळीचा ठोकळा मांडला होता, भिंतीला रंधे, पटाश्या टांगल्या होत्या. पाट, पोळपाट, देव्हारे, खिडक्यांची झडपं. लोक सांगत, मी करून देई. माझं सगळं सुख रंधा मारण्यात आणि सांधे बसवण्यात होतं, आणि सगळं दुःख लाकूड चिरण्यात. सहा फुटी फळी उभी चिरायची म्हणजे तासभर करवत ओढायची. एका टोकाला मी, दुसरं टोक धरून सुमन. तिच्या कपाळावर भुसा बसलेला असे, आणि खांदा माझा भरून येई. शिक्षक होण्याच्या ट्रेनिंगला असताना मी यंत्राची करवत पाहिली होती. तासाभराचं काम ती श्वास घेऊन सोडावा इतक्या वेळात करी. ते दृश्य मनातून जात नव्हतं.

आमच्या आळीत त्याच वर्षी वीज आली. पहिल्या आठवड्यात आम्ही सगळे शेजारी दिवा लावून बंद करून बघत होतो. मी मात्र दिव्याकडे बघत नव्हतो, पडवीच्या भिंतीकडे बघत होतो. इथं एक मोटार चालेल.

मी सुमनला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. हात थांबले.

"ती चकती माझ्या घरात नको," ती म्हणाली.

 कारण मला ठाऊक होतं. तिच्या वडिलांचा डावा हात मी लग्नात पाहिला होता, अक्षता टाकताना. अंगठा आणि करंगळी, आणि मधल्या तिघांचे नुसते खुंट. भाऊ म्हणत त्यांना सगळे, मीही भाऊच म्हणायचो. केळव्याचे सुतार. तरुणपणी ते पालघरातल्या एका वखारीत यंत्राच्या करवतीवर होते. सुमन आठ वर्षांची असताना तिथं त्यांची बोटं गेली. शेठनं खराब मशीन चालवायला दिली, असं घरात सांगत. माझ्या सासूबाई वारल्या तोवर त्या शेठचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. 'तो मेला' म्हणत. दिवाळीला शेठ तांदूळ पाठवी, पण सासूबाई ती गाडी अंगणात शिरू देत नसत. सुमन लहान असताना बाजाराला आली की त्या वखारीवरून जाताना आईनं तिचं तोंड हातानं दुसरीकडे वळवलेलं तिला आठवत होतं. हा राग तिला दुधातून मिळालेला होता.

चार दिवसांनी ती आपण होऊन म्हणाली, "आणायचीच असेल तर भाऊंना विचारा. ते हो म्हणाले तर मी काही बोलणार नाही."

ते नाहीच म्हणणार, याची तिला खात्री होती. मलाही होती. तरी मी रविवारी केळव्याला गेलो.

केळव्याला त्या दिवसांत भाऊंच्या अंगणात गाड्यांची चाकं पडलेली असत. गवताचा हंगाम म्हणजे गाड्यांचा हंगाम, आणि गाड्यांचा हंगाम म्हणजे मोडक्या चाकांचा. सुपारीच्या वाडीतून येणारी सावली अंगणात हलत होती. भाऊ चाकात आरा बसवत होते. ठोकायच्या वेळी आरा त्यांनी अंगठा आणि करंगळी यांच्या चिमट्यात धरला होता, आणि तो जराही हलत नव्हता. मी बराच वेळ बघत बसलो. मग विषय काढला.

त्यांनी हातोडा खाली ठेवला. "सुमननं पाठवलान?"

"हो."

"ती नको बोलते?"

"हो."

ते उठले, बादलीतल्या पाण्यानं हात धुतले, धोतराला पुसले. "आदी मशीन बगू तरी मास्तर. बगल्याबिगर हो कसा नि नाय कसा बोलू?" मग म्हणाले, "मी येतू तुमच्यासंग."

मी चकित झालो. अठरा वर्षांत हा माणूस वखारीच्या रस्त्याला फिरकला नव्हता.

बोईसरला एक यंत्र विकायला आहे असं शाळेतल्या शिपायाकडून कळलं होतं. बांधकामाच्या एका ठेकेदाराचं काम संपलं होतं आणि त्याचा मिस्त्री सामान काढत होता. आम्ही एस.टी.नं निघालो. गाडीत दांडी गावच्या कोळणी टोपल्या घेऊन बसल्या होत्या, नव्या हंगामाचे सुके बोंबील. तो वास आणि बाहेरचा गवताचा वास, दोन्ही एका खिडकीत. बोईसर तेव्हा गाव म्हणावं इतकंच होतं, पण रस्त्यावर ट्रकची रांग लागलेली असे, दगड, सिमेंट, सळया. झाडांची पानं धुळीनं पांढरी झालेली. देशावरची, उत्तरेकडची, दक्षिणेकडची माणसं पत्र्याच्या शेडमधून राहत होती. एवढी भाषांची मिसळ मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

मिस्त्री दिलदार माणूस होता. बिहारकडचा असावा. त्यानं ताडपत्री ओढली आणि यंत्र उघडं केलं.

खरं सांगायचं तर मी त्याच क्षणी हरलो. बिडाचं भलंमोठं टेबल, घासून घासून आरशासारखं झालेलं. कडेची सरळ पट्टी एका बोटानं सरकत होती आणि हवी तिथं घट्ट बसत होती. पातं थाळीएवढं. मिस्त्रीनं बटण दाबलं, आवाज चढत गेला आणि एका उंच सुरावर थांबला. त्यानं सागाची एक फळी पुढं लोटली. फळी दुभंगली आणि मधून भुशाचं कारंजं उडालं.

"मक्खन जैसा काटती है, मास्टरजी. ऐसी चीज़ दुबारा नहीं मिलेगी."

मला ते पटलं होतं. मनातल्या मनात मी ती पडवीत मांडूनही झालो होतो. मी भाऊंकडे बघितलं. ते यंत्राकडे बघतच नव्हते. शेडच्या कोपऱ्यात, रंगाच्या रिकाम्या डब्यांच्या मागं, लोखंडी पत्र्याचं एक वाकडं झाकण पडलं होतं. पात्यावर बसतं ते. सुतार त्याला टोपी म्हणतात. फळी टोपीखालून जाते आणि हात वरच अडतो.

"याची टोपी काडलीस कशाला?" भाऊंनी विचारलं.

मिस्त्रीला मराठी कळत होतं. "टोपी? वो तो काम में आड़े आती थी, बाबा. निकाल दी. उससे दुगना काम होता है."

 भाऊंनी आपला डावा हात धोतराच्या घोळात घातला, थंडी वाजल्यासारखा. मी मिस्त्रीला सांगितलं की कळवतो, आणि आम्ही बाहेर पडलो.

परतीच्या गाडीला वेळ होता. रस्त्याकडेला चिंचेचं झाड होतं, त्याखाली आम्ही बसलो. ट्रक गेला की धूळ उठे आणि ती बसेपर्यंत दुसरा येई. भाऊंनी विडी काढली, पेटवली नाही.

"मास्तर, तुमच्या सासूला वाटायचा, शेठची मशीन खराब हुती."

"हो. ऐकलंय मी."

"मशीन खराब नव्हती. नवीन हुती. टोपी मीच काडलेली."

मी त्यांच्याकडे वळलो. ते रस्त्याकडे बघत होते.

"एक जाड लाकूड आला. टोपीखालून जाय ना. म्हून काडली नि भिंतीला लावून ठेवली. ता लाकूड झाला. मंग परत बसवायची. पन बिगरटोपीचा काम झपाझप होत हुता. बोललू, उद्या बसवू." त्यांनी विडी उलटी फिरवली. "तिसऱ्या दिशी हात गेला. दवाखान्यात शुदीवर आलू तवा ही बाजूला बसून रडत हुती. बोलत हुती, मेल्यानं खराब मशीन दिलान, मेल्यानं माझ्या घराचा वाटोळा केलान. मी काय बोललू नाय. पयल्या दिशी नाय बोललू, मंग दुसऱ्या दिशी बोलायचा कसा? अठरा वर्सं गेली."

"आणि शेठ?"

"त्याला म्हाइत असनार. टोपी भिंतीला हुती, त्यानं बगितली नसंल? पन तो बी बोलला नाय. गावात लोक त्याला काय काय बोलले. त्याच्याकडं सुतार टिकंना. त्यानं आयकून घेतला."

गाडी आली. आम्ही चढलो.  पालघरला उतरताना भाऊ म्हणाले, "सुमनला नका सांगू. मी सांगीन."

मी सांगितलं नाही. आज इतक्या वर्षांनी वाटतं, त्यांच्या गप्प बसण्यात मीही त्या दिवशी सामील झालो. सामील व्हायला काही करावं लागत नाही. घरी जायचं, पाय धुवायचे आणि जेवायला बसायचं. सुमननं विचारलं, "काय म्हणाले भाऊ?" मी म्हटलं, "ती नको म्हणाले. दुसरी बघू." ती आमटी वाढत होती. तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं आणि ते मला बघवलं नाही.

दुसरी करवत पालघरातच मिळाली. दामू फिटर भाताच्या गिरण्यांची तेलाची इंजिनं दुरुस्त करायचा आणि वेळ मिळाला की भंगारातून काहीतरी घडवत बसायचा. त्यानं कुठल्याशा मोडीत निघालेल्या यंत्राच्या टेबलाचं बिडाचं पान मिळवलं होतं, त्याला लोखंडी पायांवर चढवून छोटी करवत केली होती. दिसायला ती बोईसरच्या पाटराणीपुढे मोलकरीण होती. पातं जेमतेम ताटलीएवढं. मी नाक मुरडलं. भाऊंनी मात्र तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

त्यांनी पाण्याचा पेला मागितला, काठोकाठ भरून टेबलावर ठेवला आणि दामूला मोटार सुरू करायला सांगितलं. पेल्यातलं पाणी थरथरलं, पण सांडलं नाही. मग मोटार बंद करायला सांगून ते कान लावून पातं थांबेपर्यंत ऐकत राहिले. आवाज हळूहळू उतरत गेला, मधे कुठं खरखर झाली नाही. मग म्हणाले, "दामू, हात दाखव तुझे."

दामूनं बुचकळ्यात पडून दोन्ही पंजे पुढं केले. ग्रीसनं काळे, पण दहा बोटं होती.

"बरा हाय," भाऊ म्हणाले. "आता टोपी कर. पात्याच्या पाठीमागून पत्र्याची पट्टी उबी कर, चिरलेली फळी मिटून पात्याला चावायला नाय पायजेल. आनि टोपी बिजागरीवर बसव."

"बिजागरीवर कशाला भाऊ? चार बोल्ट मारतो. पातं बदलायचं तर काडता येईल."

"काडता येनार म्हून तर नको. वर उचलंल, पातं बदलंल, पन अंगावरनं निगनार नाय, अशी कर. नि वजन ठेव, सोडली की आपली आपन खाली यायला पायजेल."

दामूला वाटलं, बोटं गेलेला माणूस जास्तच घाबरतोय. मी सांगू शकलो असतो, पण मी भाऊंच्या हातून पडलेली विडी उचलून त्यांना दिली तेवढंच.

करवत घरी आली त्या दिवशी संक्रांत जवळ आली होती. माळ कापून झाले होते, शेवटच्या गाड्या जात होत्या. चार माणसांनी ती पडवीत उतरवली. भाऊ केळव्याहून आले होते. सुमन चौकटीला टेकून उभी होती. सगळे गेल्यावर ती पुढं आली. तिनं यंत्राला हात लावला नाही, वाकून नुसतं बघितलं. मग टोपी बोटानं वर उचलली आणि सोडली. टोपी खट करून पात्यावर बसली. तिनं परत उचलली, परत सोडली.

"हे चांगलं केलं," ती म्हणाली. "भाऊंच्या मशीनला अशी टोपी असती तर…"

"हुती," भाऊ म्हणाले.

तिला वाटलं तिनं चुकीचं ऐकलं. ती वळली.

"हुती टोपी, सुमन. मी काडलेली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मला चिंचेखाली सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमानं, जाड लाकडापासून. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. त्यांचं संपल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"बोईसरला गेलो होतो तेव्हापासून."

ती आत गेली. थोड्या वेळानं भाऊंना जेवायला वाढलं, मलाही वाढलं, पण आमच्याशी बोलली नाही. भाऊ संध्याकाळच्या गाडीनं गेले. ते जाताना ती दारापर्यंत आली नाही. पुढचे आठ-नऊ दिवस घरात कामापुरते शब्द होते. मीठ, पाणी, शाळेला उशीर. पडवीतल्या करवतीवर मी गोणपाट टाकून ठेवलं. चालवायची इच्छाच गेली होती.

राग बापावर नव्हता, हे मला उशिरा कळलं. एका दुपारी तांदूळ पाखडताना ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली, "आई जन्मभर त्या माणसाला शिव्या देत मेली. मीही दिल्या. मनातल्या मनात रोज. आता त्या कुणाला परत देऊ?"  राग खोटा निघाला तर तो ठेवायला जागा नसते. दुःखाला निदान माणसं भेटायला येतात.

पुढच्या रविवारी ती एकटी केळव्याला गेली आणि दुपारी भाऊंना घेऊन परत आली. मला म्हणाली, "चला." कुठं ते विचारायची गरज नव्हती.

वखार तेव्हा जवळजवळ बंदच होती. शेठ मागच्या घरात ओट्यावर झोपाळ्यावर बसलेले होते, एका डोळ्यात मोतीबिंदू, पांढरी टोपी, गुडघ्यांवर शाल. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली, आणि भाऊ जवळ आल्यावर ओळखलं.

"नारायण? बस."

भाऊ बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "शेठ, ही माझी मुलगी. हिला मी सांगितला, टोपी मी काडलेली. तुमची मशीन चांगली हुती. मी कुनाला बोललू नाय. तुमाला लोक बोलले ते माझ्यामुलं बोलले." त्यांनी चप्पल काढून बाजूला ठेवली. "माफी मागायला आलू."

शेठ झोपाळ्याची कडी हातानं चाचपत राहिले. मग म्हणाले, "तीन दिवस टोपी भिंतीला होती, नारायण."

"हो."

"मी पाहिली. पहिल्या दिवशी पाहिली, दुसऱ्या दिवशी पाहिली. रोज तुझ्या बाजूनं जात होतो. बाहेर गाड्या उभ्या होत्या, गिऱ्हाईक घाई करत होतं. काम पटापट होत होतं. मला वाटलं, होऊ दे. एक शब्द बोललो असतो, 'नारायण, टोपी लाव.' तर तू लावली असती."

भाऊ म्हणाले, "लावली असती."

"मग लोक मला बोलायचे तेव्हा मी काय सांगणार? मशीन चांगली होती, सुतारानं टोपी काढली, आणि मी बघत होतो? गप्प बसणं बरं वाटलं मला. तुला वाटलं मी तुझ्यासाठी गप्प बसलो. मला वाटलं तू माझ्यासाठी गप्प बसलास."

 दोघंही म्हातारे एकमेकांकडे न बघता एकाच जमिनीकडे बघत होते. अठरा वर्षं दोन माणसं आपापल्या घरात दुसऱ्याचे उपकार मोजत बसली होती, आणि उपकार कुणीच केलेले नव्हते.

सुमन पुढं झाली. मला वाटलं ती काही विचारेल, किंवा रडेल. तिनं वाकून शेठच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "आईच्या वतीनं."

शेठनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आतल्या बाजूला तोंड करून चहा सांगितला. चहा आला. सुमननं तो घेतला. भाऊ आता बसले, आणि दोघंही सागाबद्दल बोलू लागले. पूर्वीचा साग कसा वजनदार असायचा, आता जंगलखात्याचा माल कसा ओला येतो, कुठल्या डोंगरावरच्या लाकडाला गाठी कमी. मला त्यातलं अर्धं कळत होतं. सुमनला सगळं कळत होतं. मधेच एकदा तिनं दोघांनाही दुरुस्त केलं, की तो माल मनोरच्या बाजूचा नव्हे, जव्हारकडचा असायचा, कारण त्याचा भुसा लालसर पडे. शेठ हसले. "तू लहान असताना भुसा बघायला यायचीस का?" ती म्हणाली, "भाऊंच्या कपड्यांवर असायचा."

ऋतूंना आपण उगीच निसर्गाच्या नावानं ओळखतो. माझ्या त्या हिवाळ्यात थंडी किती पडली, आंब्याला मोहोर कधी आला, मला काही सांगता येणार नाही. मला फक्त एवढं आठवतं की घरात शब्द परत आले. शेठकडून येताना सुमन रस्त्यात भाऊंना म्हणाली, "तुमची चप्पल झिजली आहे. नवी घ्यायला हवी." भाऊ बरं म्हणाले. एवढंच. मी दोन पावलं मागं चालत होतो आणि मला हायसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ केळव्याला जायला निघाले नाहीत. पडवीत गेले आणि गोणपाट काढलं. मी शाळेला रजेचा अर्ज पाठवला. लाकूड माझ्याकडे होतंच, सागाची एक पाच फुटी फळी, देव्हाऱ्यासाठी ठेवलेली. भाऊंनी ती उचलली, कड डोळ्यापुढं धरून सरळ आहे का बघितली, टेबलावर ठेवली. पट्टी सरकवून माप लावलं. मग उभे राहिले. नुसते उभे राहिले. उजवा हात फळीवर, डावा कमरेमागं.

"मी लावू का बटण?" मी विचारलं.

"नका," ते म्हणाले. "मीच लावतू."

तरी हात हलेना. मोटारीच्या बटणापाशी जाऊन थांबला होता.  मला वाटलं आता ते मागं सरतील आणि म्हणतील, तुमीच चिरा मास्तर. मला ते चाललंही असतं.

सुमन स्वयंपाकघरातून आली. पदर कमरेला खोचलेला, हात ओले. तिनं हात पुसले, यंत्राच्या पलीकडच्या बाजूला गेली आणि फळी जिथून बाहेर येणार तिथं उभी राहिली. लहानपणी अंगणात वडील करवत ओढत तेव्हा ती अशीच दुसरं टोक धरायची, आणि नंतर माझं धरायची.  तिनं दोन्ही तळवे वर करून पुढं केले.

भाऊंनी बटण दाबलं. डावा हात कमरेमागून पुढं आला, अंगठा आणि करंगळीच्या चिमट्यानं फळीची कड धरली, आणि फळी सरकू लागली. टोपी वर उचलली गेली आणि लाकडावर टेकली. भुसा उडाला, लालसर.  फळीचं पुढचं टोक दोन होऊन बाहेर आलं तेव्हा सुमननं ते दोन्ही हातांत धरलं, आणि भाऊ ढकलत राहिले तशी ती हळूहळू मागं सरकत गेली, पडवीच्या पायरीपर्यंत.